सोळा मीटर हिरवळ

आमच्या मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलला दोन शत्रू होते, शेवाळ आणि लॉन. शेवाळासाठी औषध मिळतं. लॉन मात्र आम्हीच हौसेनं लावलेलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची? लॉन कापलं की कातरण वाऱ्यानं पाण्यात. पोरं पाण्यातून बाहेर येऊन गवतावर धावणार आणि चिखलाच्या पायांनी परत उडी मारणार. स्किमरची, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची, जाळी रोज उपसली तरी तिच्यात हिरवा लगदा बसलेलाच. लॉनला खत घालावं तर पावसानं ते पाण्यात उतरून शेवाळाचंच पोट भरणार, आणि पूलमधलं क्लोरीनचं पाणी उडून उडून काठाचं गवत पिवळं पडणार. दोघांना एकमेकांचं सुख बघवत नव्हतं.

कृत्रिम हिरवळीची कल्पना माझी. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, ती मुळीच पटली नाही. "प्लास्टिकचं गवत? मग पाण्याऐवजी निळा कागद अंथर," म्हणाले. बाबांनी सगळा जन्म बांधकामाच्या साइटवर काढला आहे. विरोध नोंदवून झाल्यावर कामात सगळ्यात आधी उतरले तेही तेच.

पहिला महिना नुसते नमुने गोळा करण्यात गेला. पाच तुकडे आणले, पाठीवर पेननं आकडे घातले आणि त्यांचा छळ सुरू केला. दुकानात हाताला सगळ्यात सुखद लागलेला होता चाळीस मिलिमीटर पात्यांचा. त्यावर दोन तांबे पाणी ओतलं आणि चार वेळा पाय देऊन चालले, तर तेल लावून चापून बसवलेल्या केसांसारखा झोपला तो झोपलाच. पूलभोवती सतत ओली पावलं पडणार, तिथे उंच पातं काय कामाचं? वीस मिलिमीटरचा तुकडा पायाला पायपुसण्यासारखा लागला. तीस मिलिमीटरचा ठरला. पात्याच्या मधोमध कणा असलेला होता, त्यामुळे दाबलं तरी उठायचा. पातं पॉलिएथिलीनचं, नायलॉनचंही मिळतं आणि ते ताठ राहतं, पण उघड्या अंगानं त्यावर लोळून बघा म्हणजे कळेल.

खरी परीक्षा पाठीची. वरून सगळे सारखेच हिरवे दिसतात. तुकडा उलटा करून त्यावर पाणी ओतलं की भोकं किती अंतरावर आहेत आणि पाणी किती वेळ रेंगाळतं ते समोर दिसतं. एका नमुन्यावर तर डबकं साचलं आणि तसंच राहिलं. दोन तुकडे पूलच्या पाण्याच्या बादलीत पंधरा दिवस बुडवून ठेवले. त्यांना काहीही झालं नाही. पाण्यात राहतं तेवढं क्लोरीन, म्हणजे एक ते तीन पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग), पॉलिएथिलीनला बाधत नाही. क्लोरीनच्या कोरड्या दाण्यांचा डबा मात्र आम्ही त्यावर कधीच उघडत नाही.

मग मोजमाप. कोपिंगसकट, म्हणजे काठाच्या दगडी पट्टीसकट, आमचा पूल आठ मीटर बाय चार मीटर. भोवती दोन मीटरचा पट्टा करायचा, म्हणजे बाहेरचा आयत बारा बाय आठ. शहाण्णवातून बत्तीस गेले, राहिले चौसष्ट चौरस मीटर. रोल चार मीटर रुंदीचा मिळत होता. बारा मीटर लांब तुकडा मधोमध उभा चिरला की लांब बाजूंचे दोन पट्टे झाले, आणि आखूड बाजूंना चार मीटर रुंद, दोन मीटर लांब असे दोन तुकडे. बारा अधिक दोन अधिक दोन, सोळा मीटर. सोळा चोक चौसष्ट. एक चिंधीसुद्धा वाया नाही, आणि लव, म्हणजे पात्यांचा कल, तीही सगळीकडे एकाच दिशेला! वहीत हे गणित मांडून मी नवऱ्याला दाखवलं तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा होता म्हणे. बाबांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अगं, कागदावर कापड कधीच कमी पडत नाही." मी ते कानाआड केलं आणि सोळा मीटर मागवले.

खोदाईबद्दल कोणीच नीट सांगत नाही, कारण फोटो निघतो तो हिरवळीचा. जुनं लॉन मुळांसकट काढून दहा सेंटीमीटर खाली जायचं होतं. दहा सेंटीमीटर म्हणजे वीतभरसुद्धा नाही. पण चौसष्ट चौरस मीटरवर त्याची सव्वासहा-साडेसहा घनमीटर माती होते आणि खणलेली माती फुगते, त्यामुळे बाहेर पडलेला ढीग आठाच्या घरात गेला. घमेल्यांत मोजली तर सहाशेच्या वर. मी पहिली चाळीस मोजली आणि सोडून दिलं. त्या मातीत गांडुळं इतकी होती की मुलगी ती एकेक उचलून गुलाबाच्या वाफ्यात नेऊन सोडत होती. एका अर्थानं जिवंत जमीन उचलून तिथे आपण खडी घालतोय, हे तेव्हा मनाला लागलं. अजूनही लागतं.

दुसऱ्या दिवशी कोपिंगपासून अर्धा मीटरवर नवऱ्याची कुदळ कशावर तरी खण्णकन आपटली. हिरवट पडलेली, करंगळीहूनही बारीक तार. त्याला वाटलं, बांधकामाच्या वेळची काहीतरी अडगळ राहिली असेल. ओढली तर येईना. तो पकड आणायला वळला आणि सावलीत बसलेले बाबा ओरडले, "अरे थांब! हात लावू नकोस!"

ती तांब्याची उघडी तार होती, पूलच्या चारी बाजूंनी जमिनीत पुरलेली. काँक्रीटमधल्या सळ्या, स्टीलची शिडी, पंपाचं धातूचं अंग, दिव्याची चौकट हे सगळं तिनं एकमेकांना बांधलेलं असतं. कारण असं, की कुठे वीज गळलीच तर पाणी, शिडी आणि पायाखालची ओली जमीन यांच्यात विजेच्या दाबाचा फरक राहता कामा नये. फरक राहिला तर एक हात शिडीवर आणि पाय ओल्या जमिनीवर असलेल्या माणसातून वीज वाट काढते. बाबांच्या शब्दांत, "आपला पूल ठीक आहे, माणसाचा पूल व्हायला नको." तार तुटली तर बाहेरून काहीही कळत नाही. पंप चालतो, दिवा लागतो. सुरक्षा तेवढी गेलेली असते.

मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तार शाबूत होती, पण कुदळीच्या हिसक्यानं शिडीजवळचा एक क्लॅम्प सैल झाला होता. त्यानं तो बदलला, सगळे जोड मीटर लावून तपासले आणि जाताना जरा कडक शब्दांत सुनावलं, की पूलभोवती खणण्याआधी मला बोलवायचं असतं, नंतर नाही. बरोबरच होतं त्याचं. त्यानंतर आम्ही कोपिंगलगतचा सगळा पट्टा कुदळ बाजूला ठेवून खुरप्यानं खणला. पाण्याचे पाइप कुठून जातात ते उघडं करून, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढले. स्किमरजवळच्या कोपऱ्यात एक पाइप अगदी वर निघाला, खडीचा थर जिथे बसणार होता त्याच्या तळाखाली जेमतेम चार बोटं. त्या फोटोनं पुढे आम्हाला वाचवलं.

पाया म्हणजे बाबांचं राज्य. आधी जिओटेक्सटाइलचं कापड, म्हणजे खालची माती वर चढत नाही. त्यावर सहा सेंटीमीटर खडी, त्यावर दोन सेंटीमीटर दगडाची चुरी. पायाचा माथा कोपिंगपेक्षा दोन सेंटीमीटर खाली, म्हणजे हिरवळ बसल्यावर पाती काठाच्या जराशी वर येतात आणि अंगठा ठेचकाळत नाही. उतार पूलपासून बाहेर, मीटरला दोन सेंटीमीटर. डोळ्यांना तो दिसत नाही. मला वाटलं होतं, उतार पूलकडे दिला तर उडालेलं पाणी परत पूलमध्ये जाईल, तेवढीच बचत. बाबांनी कपाळाला हात लावला. "पाणी एकटं जात नाही. वाटेत भेटेल त्याला घेऊन जातं." पाऊस पडला की अंगणातली धूळ, वाळू, पानं सगळी पूलमध्ये आली असती.

लेसर लेव्हल भाड्यानं आणू म्हटलं तर त्यांनी माळ्यावरून लेव्हल ट्यूब काढली, पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक कोपिंगवर माझ्या हातात, दुसरं बाहेरच्या खुंटीपाशी त्यांच्या हातात. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की आकडा खोटा ठरतो, म्हणून टिचक्या मारून बुडबुडे वर पाठवण्याचं काम मुलीकडे. सोळा खुंट्यांवर अशी खूण केली, दोऱ्या बांधल्या आणि दोरीबरहुकूम खडी ओढली. दाबायला प्लेट कॉम्पॅक्टर आणलं होतं, पण कोपिंगपासून हातभर अंतरात ते येऊ दिलं नाही. त्या हादऱ्यानं कोपिंगचे दगड सुटू शकतात. तिथे धुम्मस. पाणी शिंपडायचं, ठोकायचं, परत शिंपडायचं. संध्याकाळी बाबा चपला घालून दाबलेल्या चुरीवर चालले आणि वाकून बघितलं. टाचेचा ठसा उमटत नव्हता. मग नळी सोडून पाणी मारलं, तर पंपाच्या खोलीजवळ तळहाताएवढं तळं उभं राहिलं. तिथली चुरी काढून परत भरली. हिरवळ घातल्यावर ते डबकं दिसलं नसतं, वास तेवढा आला असता.

हिरवळ अंथरण्याचं काम एका कारागिराला दिलं होतं. आम्ही त्याचे मदतनीस. त्यानं रोल उलगडले आणि उन्हात पडू दिले. गुंडाळीचा बाक निघून जाईपर्यंत तो काही कापत नाही. लव घराच्या दिशेला, कारण पाती आपल्याकडे झुकलेली असली की हिरवळ दाट दिसते. मागून पाहिली तर पात्यांची पाठ चकाकते. मग त्यानं रोलची कड हातात धरली, मोजपट्टी लावली आणि विचारलं, "ताई, मागवलं किती?"

"सोळा."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. कारखान्यातून येते ती कड जोडाला चालत नाही. दोन-तीन टाके, म्हणजे पाती पाठीला शिवलेल्या ओळी, आत कापून ती फेकावी लागते, नाहीतर जोडावर भांगासारखी रेघ दिसते. माझे आखूड बाजूचे तुकडे बरोबर चार मीटर होते आणि दोन्ही कडा कापल्यावर पाच सेंटीमीटरनं कमी भरले. त्यामुळे लांब पट्टे आत सरकवावे लागले आणि बाहेरच्या बाजूला, पट्ट्यांची कड छाटल्यावर, चार-पाच सेंटीमीटरची फट उघडी पडली. चौसष्ट चौरस मीटरच्या गणितात टाका हा घटकच नव्हता. त्या फटीत आता पांढऱ्या गोट्यांची किनार आहे. पाहुणे तिचं कौतुक करतात आणि आम्ही ते ऐकून घेतो.

जोड करताना मात्र मी त्याच्या मागेच उभी राहिले. कापणं नेहमी पाठीकडून, टाक्यांच्या दोन ओळींमधून, सुरीचं पातं सारखं बदलत. बोथट पात्यानं टाका उसवतो आणि पुढे तिथून गवत झडतं. दोन कडा एकमेकींना भिडवायच्या नाहीत, दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवायची, म्हणजे जोडावरची पाती दोन्हीकडून येऊन ती जागा झाकतात. खाली टेप, टेपवर गोंद. कडा गोंदावर टेकवताना एकही पातं खाली चिरडू द्यायचं नाही. तो गुडघ्यांवर बसून बोटांनी पाती विंचरत, अडकलेली उचलत पुढे सरकत होता. दोन मीटरच्या जोडाला पाऊण तास. वर वाळूच्या गोण्या ठेवल्या आणि रात्रभर कोणी फिरकायचं नाही अशी ताकीद दिली.

कडांना पंधरा सेंटीमीटरचे खिळे, तेही स्टेनलेस, कारण पूलच्या पाण्यात साध्या लोखंडाचा गंज वर्षभरात हिरवळीवर तांबडा डाग सोडतो. स्किमरच्या कोपऱ्यात त्यानं खिळा टेकवला, हातोडा उचलला आणि नवरा फोन घेऊन धावला. फोटोतला पाइप! खिळा सरळ त्याच्या पाठीत गेला असता. तिथे आणि कोपिंगला लागून सगळीकडे, काठाखालच्या काँक्रीटवर, गोंदानंच भागवलं.

सगळ्यात शेवटी वाळू. धुतलेली, गोल दाण्याची सिलिका वाळू, चौरस मीटरला सहा किलो, म्हणजे जवळजवळ चारशे किलो. कोरड्या दिवशी पसरायची आणि कडक झाडूनं लवेच्या विरुद्ध घासायची, म्हणजे ती पात्यांच्या मुळाशी उतरते आणि पाती उभी राहतात. पहिल्या आठवड्यात पोरांच्या पायांना चिकटून त्यातली बरीच पूलच्या तळाशी जाऊन बसली. आमच्या फिल्टरच्या पोटात आधीपासून वाळूच आहे, त्याला त्याचं काही नाही. पण पंपाच्या पंख्याला ती खाते. कोपिंगलगतच्या अर्ध्या मीटरमधली वाळू व्हॅक्यूमनं निम्मी काढली तेव्हा थांबलं. रबराचे दाणे घालायचा सल्लाही एकानं दिला होता. ते मी ऐकलं नाही याचा आनंद आहे. प्लास्टिकचे बारीक कण पाण्या-मातीत पसरू नयेत म्हणून युरोपीय संघानं तसल्या प्लास्टिक-रबरी दाण्यांच्या विक्रीवर २०२३ मध्ये निर्बंध घातले, मैदानांसाठी आठ वर्षांची मुदत देऊन. पहिले काही दिवस स्किमरच्या जाळीत तुटलेल्या पात्यांचे हिरवे तुकडे येत होते, तेवढंच माझं मन खायला पुरेसं आहे.

आणि ऊन. नमुने तपासताना मी सगळं केलं, फक्त भर दुपारी अनवाणी उभी राहिले नाही. पहिल्या कडक उन्हाच्या दुपारी मुलगी पूलमधून निघाली ती चटके खात, उड्या मारत घरात आली. इन्फ्रारेड थर्मामीटर लावला. हवा चौतीस अंश, फिकट रंगाचं कोपिंग सेहेचाळीस, हिरवळ त्रेसष्ट. शेजारच्या वाफ्यातलं खरं गवत सदतीस. खरं गवत पाणी बाहेर टाकून स्वतःला गार ठेवतं, प्लास्टिक नुसतं तापत राहतं. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठानं २००२ मध्ये आपल्या मैदानावर मोजलं तेव्हा हवा ९८ अंश फॅरेनहाइट असताना कृत्रिम हिरवळीचा पृष्ठभाग २०० पर्यंत गेला होता, म्हणजे ९३ सेल्सिअस. आमचं मग त्या मानानं थंडच म्हणायचं. नळीनं पाणी मारलं की एकदम उतरतं, पण अर्ध्या तासात परत चढतं. शेवटी शिडीपासून दारापर्यंत फिकट दगडाच्या फरश्या टाकल्या आणि एका बाजूला सावलीचं कापड ताणलं. म्हणजे चौसष्ट चौरस मीटर हिरवळ घालून तिच्यावर पाय पडू नये म्हणून वाट बांधली. बाबा काही बोलले नाहीत. नुसते बघत होते.

चौथ्या महिन्यात पंपाच्या खोलीसमोर एक विचित्र पट्टा दिसू लागला. हातभर लांब, बोटभर रुंद, पाती आक्रसून मेणासारखी चिकटलेली. आधी संशय क्लोरीनवर गेला, मग पोरांवर. तीन दिवस कोणीतरी कुणावर तरी चिडलेलं होतं. मग एका सकाळी साडेदहाच्या सुमाराला बाबांनी मला हाक मारली आणि जमिनीकडे बोट दाखवलं. झगझगीत उन्हाची एक पट्टी त्या डागावर बरोबर पडलेली होती आणि सूर्य तर आमच्या पाठीमागे! ती पट्टी वरच्या मजल्यावरच्या नव्या खिडकीतून परावर्तित होऊन येत होती. उष्णता अडवणारा लेप दिलेली दुहेरी काच; दोन काचांमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी झाला की ती जराशी आत वाकते आणि अंतर्गोल आरशासारखं ऊन एका जागी गोळा करते. मी तिथे हात धरला आणि लगेच मागे घेतला.

कृत्रिम हिरवळीच्या पहिल्या गाजलेल्या प्रकाराचं पूर्वी केमग्रास नाव होतं, आणि ती गाजली तावदानांमुळेच. ह्यूस्टनच्या बंदिस्त बेसबॉल स्टेडियमच्या, म्हणजे अ‍ॅस्ट्रोडोमच्या छताला अर्धपारदर्शक प्लास्टिकची तावदानं होती. खेळाडूंना उंच उडालेला चेंडू त्या झगमगाटात दिसेना म्हणून १९६५ मध्ये तावदानं रंगवली, उजेड गेला, आतलं खरं गवत मेलं आणि १९६६ मध्ये तिथे प्लास्टिकचं आलं. तेव्हापासून तिला अ‍ॅस्ट्रोटर्फ म्हणतात. तिथे तावदानांनी खरं गवत घालवलं आणि आमच्याकडे काचेनं खोटंही ठेवलं नाही.

खिडकीला बाहेरून बारीक जाळी लावली, ऊन फुटलं. उरला तो डाग. कारागिराला फोन केला तर म्हणाला, सोपं आहे, तेवढा तुकडा टाक्यांच्या ओळीतून कापायचा आणि उरलेल्या हिरवळीतला दुसरा बसवायचा. लव तेवढी जुळवून घ्या.

उरलेली हिरवळ. नवा तुकडा मागवला तर रंगाची छटा वेगळी येते. एका खेपेचा हिरवा दुसऱ्या खेपेला जुळत नाही. मी वही काढून परत बघितली. सोळा चोक चौसष्ट, चिंधी वाया नाही.

शेवटी पंपाच्या खोलीच्या मागे, जिथे फक्त फिल्टर धुवायला जावं लागतं, तिथली हातभर हिरवळ कापून काढली आणि डागावर बसवली. जोड बाबांनी केला, गुडघ्याखाली उशी घेऊन, पाती बोटांनी विंचरत. शोधल्याशिवाय सापडत नाही. खोलीमागे जो चौकोन उघडा पडला तिथे किनारीतले उरलेले पांढरे गोटे भरलेत. स्किमरची जाळी आता आम्ही तिथेच वाळत ठेवतो.